सड्यातल्या कपारीपासून चुनखडीच्या गुहेपर्यंत

कराडच्या चौघा मित्रांनी विचारलंय: "पाटण तालुक्यात एका सड्याच्या (डोंगरमाथ्यावरच्या सपाट पठाराच्या) कडेला आम्हाला गुहा सापडली. तोंड कमरेएवढं, पण आत गेल्यावर उभं राहता येतं. छताला पांढरे थेंब गोठल्यासारखे लोंबतायत. गावातले म्हणतात, हे भुयार थेट खाली नदीला निघतं. ही चुनखडीची गुहा आहे का? दोर आणि टॉर्च घेऊन शेवटपर्यंत जायचा विचार आहे. पुढे मेघालयातल्या गुहांमध्येही जायचंय. तयारी काय करावी?"

तोंडापासून थोडं आत जाऊन तुम्ही परत आलात आणि मग विचारलंत, हे फार चांगलं केलंत. मी गेली वीस वर्षं हिवाळा संपता संपता गुहा मोजणाऱ्या गटांबरोबर जाते, आणि वाढलेय कराडातच. त्यामुळे तुमचा सडाही माझ्या ओळखीचा आणि पुढची वाटही. जरा सविस्तर लिहिते.

तुमची गुहा चुनखडीची नाही. फोटो न बघताही हे सांगता येतं, कारण आपल्या डोंगरांचा दगडच वेगळा आहे. सातारा आणि सांगलीचे डोंगर साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्ह्याचे. एक थर थंड झाला की त्यावर दुसरा, असे थर चढत गेले. महाबळेश्वरच्या बाजूला त्यांची जाडी 1200 मीटरच्या आसपास भरते. हा काळा पाषाण म्हणजे बेसाल्ट. उंच माथ्यांवर तो लाखो वर्षं पावसात कुजून त्याचा जांभा झाला. पाचगणीचं टेबललँड, कासचं पठार, सडावाघापूर, चाळकेवाडी या सगळ्यांच्या डोक्यावर जांभ्याची टोपी आहे. पाण्यामुळे बेसाल्टची माती होते, पण तो साखरेसारखा पाण्यात उतरून नाहीसा होत नाही. चुनखडक मात्र नाहीसा होतो, आणि चुनखडीच्या गुहेचं सगळं वेगळेपण तिथूनच सुरू होतं.

पाऊस हवेतला थोडा कार्बन डायऑक्साइड घेऊन पडतो. मातीत मुळं आणि जीवजंतू श्वास घेत असतात, तिथून मुरताना पाण्याला आणखी पुष्कळ मिळतो. असं किंचित आंबट झालेलं पाणी चुनखडकाच्या फटीत शिरलं की दगड विरघळवत पुढे जातं. केसाएवढी फट बोटाएवढी होते, बोटाएवढी फट माणूस जाईल एवढी होते, आणि एक दिवस त्यातून आख्खी नदी वाहायला लागते. पुढे नदी आणखी खोल उतरते आणि वरची पोकळी रिकामी राहते. त्या पोकळीत छतातून थेंब झिरपतो. गुहेतल्या हवेत कार्बन डायऑक्साइड मातीपेक्षा कमी असल्यामुळे थेंबातला वायू उडून जातो आणि पाण्यात धरून ठेवलेला चुना मागे राहतो. शाळेच्या भूगोलात आपण शिकलो ते अधोमुखी आणि ऊर्ध्वमुखी लवणस्तंभ असे थेंबाथेंबाने तयार होतात. नाव लवणस्तंभ असलं तरी मिठाशी त्याचा संबंध नाही, तो कॅल्साइट असतो. वर्षाला मिलिमीटरचा दहावा हिस्सा वाढला तरी ती बरी वाढ म्हणायची.

आपल्या डोंगरात गुहा होतात त्या वेगळ्या रीतीने. लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये पुष्कळदा लाल, मऊ, विटेसारखा पट्टा असतो. तो झिजतो, वरचा कठीण थर तसाच पुढे राहतो आणि कपार तयार होते. गडांवर चढताना कड्याला आडवी रेघ मारल्यासारख्या ज्या कपारी दिसतात, त्यातल्या बऱ्याच अशाच. दुसरा प्रकार जांभ्यातला. जांभ्याचा वरचा पापुद्रा कडक असतो आणि खाली चिकणमाती असते. सड्यावर मुरलेलं पाणी खालची माती धुऊन नेतं आणि पापुद्र्याखाली नळीसारखी पोकळी पडते. पाचगणीजवळच्या राजपुरीच्या गुहा याच जातीच्या. तुमची गुहाही वर्णनावरून जांभ्यातलीच दिसते. (आगाशिवची किंवा वाईजवळची लेणी यात धरू नका. ती छिन्नीने कोरलेली आहेत.)

मग पांढरे थेंब कसले? मला तीन शक्यता दिसतात. बेसाल्टमध्ये थोडं कॅल्शियम असतंच. त्यातून झिरपलेलं पाणी कपारीच्या छतावर कॅल्साइटचं पातळ कवच धरू शकतं, कधी बोटाच्या पेराएवढं टोकही येतं. दुसरी शक्यता म्हणजे लाव्ह्यातल्या बुडबुड्यांच्या पोकळीत भरलेली पांढरी खनिजं, म्हणजे झिओलाइट किंवा गारगोटी. ती लोंबत नाहीत, पण झिजलेल्या छतातून बाहेर डोकावतात. तिसरी शक्यता जिवाणूंची: ओल्या भिंतीवर त्यांची पांढरी साय धरते आणि टॉर्चच्या उजेडात ती थेंबांसारखीच चमकते.

ओळखायची रीत तुमच्या घरच्यांनाही माहीत असेल. तासगाव भागातले द्राक्षवाले माती तपासायला देतात, त्या अहवालात 'मुक्त चुनखडी' असा रकाना असतो. मातीवर सौम्य आम्ल टाकलं आणि फेस आला की चुना आहे. तुम्ही जमिनीवर आधीच पडलेला एखादा कण घ्या, बाहेर आणा, कुटा आणि त्यावर व्हिनेगर टाका. बारीक बुडबुडे आले तर कॅल्साइट, नाही आले तर दुसरं काही. छताला लोंबणारं काही मात्र तोडू नका, अगदी नखाएवढंसुद्धा नाही.

एक चौथी शक्यता गडांवर फिरणाऱ्यांनी लक्षात ठेवावी. किल्ल्याचं टाकं, तळघर किंवा जुनी कमान चुन्यात बांधलेली असेल, तर त्या चुन्यातूनच पाणी झिरपून पांढरे लोंबते दांडे होतात. जुन्या सिमेंटच्या पुलाखालीही होतात. ते लवणस्तंभांपेक्षा कितीतरी भरभर वाढतात. त्यामुळे गडावर हातभर लांब दांडा दिसला म्हणून तो हजारो वर्षांचा समजू नये.

आता भुयार नदीला निघतं ही गोष्ट. आपल्याकडे प्रत्येक भुयार कुठेतरी निघतं, गडाला नाहीतर देवळाला. पण गावकऱ्यांचं हे बोलणं मी कधी झटकून टाकत नाही. सड्यावरचं पाणी एका जागी गडप होतं आणि खाली पायथ्याला झरा बारा महिने वाहतो, हे त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पाहिलेलं असतं. वरचं पाणी खाली निघतं, एवढं त्यातलं खरं असतं. फक्त ज्या वाटेने पाणी जातं त्या वाटेने माणूस जाईलच असं नाही. जांभ्याचा थर जिथे संपतो आणि खालचा घट्ट बेसाल्ट लागतो, तिथे तुमची गुहा बहुधा अरुंद होऊन संपेल आणि पाणी फटीतून पुढे जाईल. चुनखडीच्या प्रदेशात आम्ही हेच शोधतो: पाणी कुठे शिरतं, कुठे निघतं. मेघालयात पोहोचल्यावर पहिला दिवस गावातल्या म्हाताऱ्या माणसांशी बोलण्यात जातो, तो याचसाठी.

म्हणून गुहा जांभ्याची असो की चुनखडीची, तोंडाशी उभं राहून मी पाण्याबद्दल तीन प्रश्न विचारते. पाण्याने इथे काय केलंय? आत्ता ते काय करतंय? आणि वर पाऊस पडला तर काय करेल? तिन्हींची उत्तरं मिळेपर्यंत मी आत पाऊल टाकत नाही.

तुमच्या गुहेला हे लावून पाहू. जांभा ओला असताना मऊ असतो आणि वाळला की कडक होतो. म्हणूनच खाणीतून ओला चिरा कापतात आणि उन्हात ठेवतात. याचा अर्थ पावसाळ्यात आणि त्यानंतर काही आठवडे तुमच्या छताचा भरवसा नाही. जमिनीवर पडलेल्या ढेकळांच्या कडा बघा. कडा ताज्या, लालभडक आणि अणकुचीदार असतील तर छत अजून गळतंय. मग आत जाऊ नका. डिसेंबर ते मार्च हा काळ बरा. त्याआधी वन खात्याकडे जा. पाटण तालुक्याचा मोठा भाग कोयना अभयारण्य आणि सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात येतो आणि तिथे परवानगीशिवाय पाऊल टाकता येत नाही. तोंडाशी आग्या मोहोळ आहे का, हे दुरूनच बघा. असेल तर परत फिरा, आणि त्या दिवशी अंगाला अत्तर किंवा परफ्यूम लावून कुणी आलं असेल तर तो कड्याजवळही नको. ताजी विष्ठा, हाडं, सायाळीचे काटे दिसले तर ते कुणाचं तरी घर आहे. तिथून निमूट माघारी यायचं.

आणि वटवाघळं. ती दिवसा झोपलेली असतात आणि पिल्लांच्या दिवसांत तर फारच बुजतात. माणसांच्या वावराने आया उडाल्या की पिल्लं खाली पडतात आणि मरतात. छतावर थवा दिसला की उजेड जमिनीकडे वळवायचा आणि आल्या वाटेने बाहेर पडायचं. कोरड्या विष्ठेच्या धुळीत फुप्फुसाला बाधणारी बुरशी असू शकते, म्हणून नाकाला चांगला मास्क हवाच. एक गुहा गेली तर काय जातं, याचं उदाहरण आपल्या शेजारीच आहे. बेळगाव जिल्ह्यात तळेवाडीजवळ बारापेडे नावाची गुहा आहे. तिथल्या एका मोठ्या कानाच्या वटवाघळाची जात कित्येक दशकं जगात फक्त त्या एकाच गुहेतून माहीत होती. ती पुढे मेघालयात आढळली. त्या मधल्या काळात कुणी बारापेडेत शेकोटी पेटवली असती तर?

खऱ्या चुनखडीच्या गुहेसाठी तुम्हाला महाराष्ट्राबाहेर जावं लागेल. सांगलीकराला सोयीची म्हणजे आंध्रातली बेलम. मिरजेहून हुबळी, बळ्ळारी, गुंतकल असं रेल्वेने जाऊन ताडपत्रीला उतरा. तिथून गुहा साधारण 30 किलोमीटर. 1884 साली रॉबर्ट ब्रूस फूट या भूवैज्ञानिकाने तिची नोंद केली आणि 1982-83 मध्ये जर्मन गुहा-अभ्यासकांनी ती नीट मोजली. लांबी 3229 मीटर भरली. त्यातला जवळपास निम्मा भाग पर्यटकांना खुला आहे, दिवे आहेत, वाट आहे. साहस म्हणून तिथे काही मिळणार नाही, पण पाण्याने केलेलं काम वाचायला बेलमसारखी शाळा नाही. भिंतींवर नदीच्या धारेने कोरलेल्या वळ्या हाताच्या अंतरावर दिसतात आणि पूर्वी पाणी कुठल्या उंचीवरून वाहत होतं ते बोट ठेवून सांगता येतं. दुसरी बस्तरमधली, जगदलपूरजवळच्या कांगेर खोऱ्यातली कुटुमसर. ती राष्ट्रीय उद्यानात आहे आणि पावसाळ्यात बंद असते. तिथल्या डबक्यांतल्या माशांचे डोळे अंधारात पिढ्या काढून क्षीण झालेत, रंगही फिका पडलाय. त्या पाण्यात हातही घालू नका. तुमच्या अंगचं तेल आणि साबण त्यांना पुरेसं विष आहे.

मेघालय या दोन्हींनंतर. जैंतिया टेकड्यांमधली क्रेम लियात प्रा ही गुहामालिका 30 किलोमीटरच्या वर मोजून झाली आहे. 'क्रेम' म्हणजे तिकडच्या भाषेत गुहा. आणि गुहा म्हणजे चुनखडीच असं समजू नका: मॉसिनरामकडची क्रेम पुरी 24 किलोमीटरहून लांब आहे आणि ती वालुकाश्मातली आहे. तिथे गावाच्या दरबाराची, म्हणजे गावसभेची, परवानगी आणि अनुभवी गट, या दोन्हींशिवाय जायचं नाही. मोहिमा फेब्रुवारी-मार्चमध्ये होतात, कारण जगातला सर्वाधिक पाऊस पडणारा प्रदेश तोच. उरलेले बरेच महिने त्या गुहा म्हणजे वाहत्या पाण्याचे नळ असतात.

पाण्याचा तिसरा प्रश्न, म्हणजे वर पाऊस पडला तर काय, लोक सर्वात कमी विचारतात, म्हणून इथे थोडी थांबते. 23 जून 2018 रोजी थायलंडमध्ये थाम लुआंग या चुनखडीच्या गुहेत फुटबॉल खेळणारी 12 मुलं आणि त्यांचा प्रशिक्षक शिरले. शिरताना वाट कोरडी होती. बाहेर पाऊस आला आणि मागची वाट पाण्याने भरली. ती सापडली 2 जुलैला, शेवटची बाहेर आली 10 जुलैला, आणि त्यांना वाचवताना एका माजी नौसैनिक पाणबुड्याचा जीव गेला. पाणी उपसण्याच्या कामात सल्ला द्यायला किर्लोस्करांचे तज्ज्ञ तिथे होते आणि आपल्या सांगली जिल्ह्यातल्या किर्लोस्करवाडीच्या कारखान्यात चार मोठे पंप विमानाने पाठवायला तयार ठेवले होते. इतके पंप, इतके देश लागले. कृष्णेचा पूर ज्यांनी 2005 ला, 2019 ला घरात पाहिलाय, त्यांना पाणी किती मुकाट्याने चढतं ते सांगायला नको. गुहेत ते त्याहून वेगाने चढतं, कारण त्याला पसरायला जागाच नसते. आणि पाऊस तुमच्या डोक्यावर पडायलाही हवा असं नाही. पाच मैलांवरच्या टेकडीवर पडला तरी पुरतो. भिंतीवर, छताच्या फटीत अडकलेला पाला, काटक्या, प्लास्टिकच्या चिंध्या शोधा. त्या जितक्या उंचीवर आहेत, तितक्या उंचीपर्यंत पाणी येऊन गेलंय. मला एकदा बारा फूट उंच छताला चिकटलेलं भाताचं तूस दिसलं होतं. आकाश निरभ्र होतं, तरी त्या दिवशी आम्ही जेवणाचा डबा बाहेर येऊनच उघडला.

हवेबद्दल तुम्हाला विहिरीवरून कळेल. जुन्या, बंद विहिरीत उतरायच्या आधी लोक कंदील सोडून बघायचे. गुहेत तेवढ्यावर विसंबू नका. ज्योत ऑक्सिजन कमी झाला की विझते, पण कार्बन डायऑक्साइड डोकं ठणकण्याइतका वाढला तरी ती जळत राहू शकते. तुमचं शरीर अधिक खरं सांगतं. श्रम नसताना धाप लागली, डोकं जड झालं, कुणी विनाकारण चिडचिड करायला लागला, तर चर्चा न करता उलटं फिरायचं. खोलगट, शेवट बंद असलेल्या जागा आणि कुजणारा पाचोळा साठलेल्या जागा जास्त धोक्याच्या.

दोराचं म्हणाल तर सह्याद्रीतली सवय तुम्हाला फसवेल. आपण धबधब्याशेजारून रॅपलिंग करत उतरतो आणि खालच्या वाटेने चालत गावात जातो. गुहेत खाली गाव नसतं, त्याच दोराने परत वर यावं लागतं. म्हणून माझ्या गटात नियम आहे: ज्याला जुमारने (दोरावर चढायच्या पकडीने) 30 मीटर दोर न थांबता चढता येत नाही, त्याने गुहेत 5 मीटरही उतरायचं नाही. एखाद्या भक्कम झाडाला किंवा सरावाच्या कड्याला दोर बांधून, शिकवणारं माणूस शेजारी ठेवून, आधी चढणं पक्कं करा. चढताना मध्येच उलटं उतरता येणं, दोराच्या गाठीवरून पलीकडे जाता येणं, हेही अंधारात आणि हात चिखलाने माखलेले असताना जमायला हवं. तुमच्या सड्याच्या गुहेत दोराची गरज पडलीच तर तो तिथून मागे फिरण्याचा इशारा समजा. जांभ्यात भरवशाचा आधार मिळणं कठीण.

बाकी सामान थोडकं. हनुवटीला पट्टा असलेलं हेल्मेट, त्यावर दिवा, आणि प्रत्येकाकडे आणखी दोन वेगळे दिवे. मोबाइलचा दिवा यात मोजायचा नाही. जीन्स नको, सुती कपडा भिजला की अंगातली ऊब ओढून घेतो. शेतात वापरतात ते गमबूट चिखलाच्या गुहेत उत्तम चालतात. गुडघ्याला आणि कोपराला पॅड. माणसं चार: एकाला लागलं तर एक त्याच्याजवळ बसतो आणि दोघे मदतीला जातात. आणि बाहेर, गावातल्या जबाबदार माणसाकडे कागदावर लिहून ठेवा की किती वाजेपर्यंत आलो नाही तर कुणाला फोन करायचा. त्या वेळेआधी बाहेर आल्यावर पहिल्यांदा त्याच्या दारात जायचं.

वाट चुकण्याबद्दल माझीच चूक सांगते. जैंतियात माझ्या चौथ्या मोहिमेत मी आणि एक सोबती एका मोठ्या दालनात पोहोचलो. बोळातून बाहेर पडताना मी पुढे बघत राहिले, मागे वळून बोळाचं तोंड पाहिलंच नाही. परतताना त्या दालनाच्या भिंतीत चार तोंडं दिसली, चारही सारखी. मी खात्रीने चुकीचं निवडलं. चाळीस मिनिटं आम्ही भलत्याच बोळात होतो आणि मला अजूनही वाटत होतं की आपण बरोबर आहोत. सोबत्याने मोजणीची वही उघडून होकायंत्र लावलं तेव्हा कळलं की आम्ही बाहेरच्या वाटेला पाठ करून चाललोय. तेव्हापासून प्रत्येक फाट्यावर मी थांबते, वळते, आणि परतीच्या बाजूने वाट कशी दिसते ते मोठ्याने बोलून दाखवते: "डावीकडे बैलाच्या वशिंडासारखा दगड, त्याच्या मागून." मोठ्याने बोललेलं दोघांच्या लक्षात राहतं. रंगाचे बाण मारू नका. चकाकणाऱ्या फितीचे तुकडे ठेवा आणि परतताना एकेक उचलून आणा.

त्या दिवशी आम्हाला वहीने बाहेर काढलं. म्हणून मी नव्यांना पहिल्यांदा मोजायला शिकवते. 'शेवटपर्यंत जायचं' हा विचार गुहेत माणसाला पुढे ओढतो. मोजणारा माणूस हळू जातो, दर पंधरा-वीस फुटांवर थांबतो, भिंत बघतो, पाण्याची खूण बघतो, मागे बघतो. दर टप्प्याला तीन आकडे लागतात: अंतर, दिशा, चढ-उताराचा कोन. फीत किंवा लेझरचं मीटर, होकायंत्र आणि कोनमापक एवढं पुरतं. चौथं म्हणजे शेजारी काढलेलं चित्र, रुंदी-उंचीसकट. एकजण आकडे सांगतो, लिहिणारा ते मोठ्याने परत म्हणतो. एक काळजी घ्या: बेसाल्टमध्ये लोहचुंबकी कण असतात, त्यामुळे आपल्या डोंगरात होकायंत्र दगडाला चिकटवून धरलं तर सुई फिरते. हेल्मेटवरची बॅटरी जवळ आली तरी फिरते. म्हणून प्रत्येक टप्प्याची दिशा दोन्ही टोकांकडून घ्या. दोन्हींत बरोबर 180 अंशांचा फरक यायला हवा.

हे सगळं तुमच्या छोट्या गुहेत शिकता येईल, म्हणून ती मला तुमच्यासाठी मोलाची वाटते. परवानगी मिळाली, छत वाळलेलं असलं, वटवाघळं नसली, तर तोंडापासून जिथवर सहज चालत-वाकत जाता येतं तिथवर मोजा. चाळीस फूट निघो की चारशे. जिथे पोटावर सरपटायची वेळ येईल तिथे वहीत प्रश्नचिन्ह काढा आणि थांबा.

हात न लावण्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते. लवणस्तंभाच्या ओल्या टोकाला बोट लागलं की अंगचं तेल तिथे बसतं आणि पुढचा चुना नीट धरत नाही. जागा काळी पडते, वाढ खुंटते. तोडलेला तुकडा तर दोन दिवसांत घरच्या कपाटात मातकट खडा होऊन बसतो. आणि त्या तुकड्यात काय असतं ते ऐका. कांगेर खोऱ्यातच दांडक नावाची गुहा आहे. तिथल्या एका लवणस्तंभाच्या थरांमधल्या ऑक्सिजनच्या प्रकारांवरून संशोधकांनी साधारण इ.स. 600 ते 1500 या काळातला पावसाळा वाचला आणि 2007 मध्ये मांडला. चौदाव्या शतकाच्या मध्यापासून पुढच्या शतकापर्यंत पाऊस वारंवार क्षीण झालेला त्यात दिसतो. आपल्याकडे 1396 पासून सुरू झालेला दुर्गादेवीचा दुष्काळ पिढ्यान्‌पिढ्या सांगितला जातो, तो याच काळातला. माण-खटावला, जतला आजही पावसाची वाट बघणाऱ्या माणसांसाठी ती नोंद बस्तरच्या अंधारात थेंबाथेंबाने लिहिली गेली होती. मेघालयातल्या मॉमलूह गुहेतल्या अशाच एका स्तंभावरून 4200 वर्षांपूर्वी सुरू झालेल्या कालखंडाला 2018 मध्ये 'मेघालयन' हे नाव जगभरासाठी ठरलं. कुणी तो स्तंभ आठवण म्हणून पिशवीत घालून नेला असता तर हे पान कोरंच राहिलं असतं.

तेव्हा क्रम असा ठेवा. या डिसेंबरात वन खात्याची परवानगी आणि व्हिनेगरची चाचणी. जानेवारीत तुमच्या गुहेची मोजणी आणि दोर चढण्याचा सराव, दर रविवारी. बेलमला त्यानंतर, आणि तिथे निदान दोन दिवस काढा: पहिल्या दिवशी नुसतं बघा, दुसऱ्या दिवशी भिंतीवरच्या पाण्याच्या खुणा वहीत उतरवा. कुटुमसरला पुढच्या हिवाळ्यात. मेघालयातल्या गटाला लिहाल तेव्हा फोटो पाठवू नका, तुमच्या सड्यातल्या गुहेचा स्वतः काढलेला नकाशा पाठवा, आकड्यांच्या वहीसकट. माझ्याकडे नवी माणसं येतात तेव्हा मी तीच वही मागते, आणि त्यात पहिल्यांदा बघते ती प्रश्नचिन्हं कुठे काढली आहेत ते.